नमुन्याचाही फेरफार नोंदवावा

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या या संस्थेत मोडी लिपीतील जुन्या कागदांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. मराठी अमलातील जमिनीविषयक कागद वाचू लागले म्हणजे शेतांची क्षेत्रे बिघ्यांत व चाहुरांत दिलेली आढळतात. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर, हे कोष्टक अभ्यासकांना पाठ असते. तथापि ज्या काठीने जमीन मोजली, ती काठी सर्वत्र सारख्या लांबीची नसे. त्यामुळे एखाद्या गावाच्या कागदावरील बिघ्यांचा आकडा स्वच्छ वाचता येतो, अक्षर लागते, धन्याचे नावही लागते. परंतु आजच्या मापाने ती जमीन नेमकी किती, हे सांगताना जाणकारही अडखळतो. आकडा शाबूत राहिला, पण त्याचा अर्थ सांगणारी काठी त्याच्याबरोबर जतन झाली नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. आज सातबारा उतारा भ्रमणध्वनीवर पाहता येतो, पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून करतो आणि कर्ज, विमा, अनुदान ही सारी या नोंदींवर अवलंबून असतात. अशा वेळी नोंदींचा नमुना, म्हणजे कोणते रकाने असावेत, त्यांत कोणत्या एककात काय लिहावे व कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यावा, हा वारंवार बदलत आहे. बदल होणे अपरिहार्य आहे व पुष्कळदा ते हिताचेही असते. प्रश्न इतकाच, की तो बदल कधी, का व कसा झाला, याची नोंद सर्वांना सापडेल अशा एका जागी राहते काय?

एकाच दिवसाचे दोन बदल

१ एप्रिल १९५७ हा दिवस या संदर्भात फार बोलका आहे. त्या दिवशी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्याच दिवशी तत्कालीन मुंबई राज्यात कूळ कायद्यान्वये कृषक दिन आला आणि कायद्यातील अपवाद वगळता, जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. सदाशिव पेठेत राहणाऱ्या ज्या कुटुंबांची जमीन गावाकडे कुळे कसत होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या सातबाऱ्याचा इतिहास येथून पालटतो.

हे दोन्ही बदल सातबाऱ्यापर्यंत पोहोचले, परंतु त्यांची जात भिन्न होती. कुळाचे नाव मालक म्हणून लागले, तो नोंदीतील बदल. आकाराचा रकाना रुपये-आणे-पै सोडून रुपये-पैशांत लिहिला जाऊ लागला, तो नमुन्यातील बदल. पहिल्या प्रकारच्या बदलासाठी आपल्याकडे उत्तम व्यवस्था होती. कलम ३२-ग खालील चौकशी, ठरलेली किंमत, ३२-म चे प्रमाणपत्र आणि त्यावरून पडलेला फेरफार, हे सर्व आजही क्रमाने शोधता येते. दुसऱ्या प्रकारच्या बदलाला मात्र फेरफार नसतो. तो परिपत्रकाने येतो, छापील कोरे कागद बदलतात आणि थोड्याच वर्षांत जुना नमुना कसा वाचावा हे सांगणारी माणसे निवृत्त होतात.

१.२० म्हणजे किती?

याचे एक साधे उदाहरण प्रत्येक शेतकरी घरी पडताळून पाहू शकेल. जुन्या उताऱ्यावर क्षेत्र एकर व गुंठ्यांत असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तो एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. १९५६ च्या वजने व मापे यांच्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली आणि पुढे सातबाऱ्यावर हेक्टर व आर हे एकक रूढ झाले. १०० चौरस मीटरांचा एक आर आणि १०० आरांचा एक हेक्टर.

आता एखाद्या उताऱ्यावर क्षेत्र १.२० असे लिहिले आहे, असे समजावे. एकर-गुंठ्यांच्या काळात त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर होतो. मेट्रिक मापात ते सुमारे ६१ आर भरते. हेच १.२० हेक्टर-आर म्हणून वाचले, तर क्षेत्र १२० आर, म्हणजे तीन एकरांना दीड गुंठाभर कमी होते. एकच आकडा, एकच शेत, परंतु क्षेत्र जवळजवळ दुप्पट. शिवाय जुन्या पद्धतीत टिंबापुढे ३९ पर्यंतच अंक येऊ शकतो, कारण चाळिसावा गुंठा एकरात मोडतो. नव्या पद्धतीत तो ९९ पर्यंत जातो. ज्या उताऱ्यावर एकक स्पष्ट छापलेले नाही, तो संगणकावर चढविताना चूक होणे मुळीच कठीण नाही. पुढे अशी चूक वारसांच्या वाटणीत, बँकेच्या कर्जात वा शेजाऱ्याशी होणाऱ्या बांधाच्या वादात डोके वर काढते.

क्रमांकांच्या बाबतीतही हेच घडले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार ज्या गावांत योजना राबविली गेली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विखुरलेले तुकडे एकत्र यावेत, हा हेतू योग्यच होता. परंतु आज ज्याच्या हाती फक्त आजोबांच्या खरेदीखतातील सर्व्हे नंबर आहे, त्याला त्याचा गट कोणता हे शोधण्यासाठी योजनेचे पत्रक काढावे लागते. जेथे ते पत्रक सापडते, तेथे काम एका दिवसात होते. जेथे ते जीर्ण झाले वा गहाळ झाले, तेथे वर्षे जातात. नवा क्रमांक देणे सोपे असते. जुन्या-नव्या क्रमांकांची सांगड जपणे हे खरे काम होय.

वर्तुळ आणि कंस

हे काम कसे करावे, हे शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गावदप्तरात तो पाठ पूर्वीपासूनच आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली आणि आज ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या आधारे चालते. गाव नमुना ७ वर हक्क, १२ वर पिके आणि ६ वर फेरफार, अशी तिची मांडणी आहे.

तलाठ्याच्या हातचा जुना उतारा नीट पाहावा. मूळ धारकाचे नाव खोडून नाहीसे केलेले नसते. त्याला कंस केलेला असतो. नव्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन नमुना ६ उघडला म्हणजे बदल केव्हा झाला, कशामुळे झाला व कोणी प्रमाणित केला, हे कळते. नोंद प्रमाणित होण्यापूर्वी तिची प्रत चावडीवर लावावयाची, संबंधितांना नोटीस द्यावयाची आणि हरकत आल्यास ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची, असा कायद्याचा दंडक आहे. जुने न पुसणे, नव्याचा आधार दाखविणे आणि बदलापूर्वी लोकांस कळविणे, अशी ही त्रिसूत्री आहे. हल्ली संगणकशास्त्रात माहितीच्या आवृत्त्या जपण्याविषयी जे शिकविले जाते, त्याचे सार गावच्या चावडीवर शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे.

उणीव एकच. ही त्रिसूत्री जमिनीच्या हक्कांना लागू होते; ज्या नमुन्यात ते हक्क व पिके लिहिली जातात, त्या नमुन्याला मात्र लागू होत नाही.

अलीकडील बदल व त्यांचा अर्थ

गेल्या काही वर्षांत हे अधिक जाणवू लागले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० साली सातबाऱ्याच्या नमुन्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड आला, खातेक्रमांक खातेदाराच्या नावाजवळ आला, प्रलंबित फेरफार उताऱ्यावर दिसू लागले आणि कमी झालेल्या नोंदींवर कंसाऐवजी आडवी रेघ मारण्यात येऊ लागली. या सुधारणांमुळे उतारा वाचण्यास सुलभ झाला, हे निःसंशय. पण कंस पाहण्याची सवय असलेल्या वृद्ध खातेदाराला रेघेचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो, हेही तितकेच खरे.

त्याहून मोठा बदल १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा होय. पूर्वी नमुना १२ मधील पिकांची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर पीक निवडतो, क्षेत्र भरतो व छायाचित्र घेतो. रकान्याचे नाव तेच राहिले, पण तो भरण्याची रीत बदलली. समजा, एखाद्या तालुक्यात २०२० च्या व २०२२ च्या नोंदींत भुईमुगाच्या क्षेत्रात मोठी तफावत दिसली. पेरणी खरोखर बदलली, की मोजण्याची रीत बदलल्यामुळे आकडा बदलला? त्या वर्षांच्या आकड्यांसोबत रीतीची टीप नसेल, तर बियाण्याची मागणी ठरविणारा अधिकारी आणि बाजाराचा अंदाज घेणारा शेतकरी, दोघेही फसण्याचा संभव आहे.

जिल्ह्यांच्या आकड्यांवरून हे अधिक स्पष्ट होईल. १९६० साली राज्य स्थापन झाले, तेव्हा २६ जिल्हे होते; आज ३६ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. ठाण्याचे भातक्षेत्र वर्षानुवर्षे एका रेषेत मांडणाऱ्यास तेथे एकदम मोठी घट दिसेल. एकाही शेतकऱ्याने भात सोडलेला नसताना कागदावर हजारो हेक्टर भात नाहीसा होईल. याउलट औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा नावे बदलली, शेते जागच्या जागी राहिली. एका ठिकाणी नाव तेच असून वस्तू बदलली, तर दुसऱ्या ठिकाणी वस्तू तीच असून नाव बदलले. नावावरून माहिती जुळविणारा दोन्ही ठिकाणी चुकेल. म्हणूनच नावाहून निराळा असा कायमचा कोड असणे अगत्याचे ठरते.

पिकांच्या यादीतही अशीच गुंतागुंत असते. नाचणीला काही भागांत नागली म्हणतात. यादीत एकेकाळी दोन्ही नावे असतील व पुढे एकच ठेवावयाचे ठरले, तर वगळलेल्या नावापुढे ‘पाहा : नाचणी’ अशी खूण राहिली पाहिजे. एखादे नवे पीक प्रथम ‘इतर’ या रकान्यात जाते आणि क्षेत्र वाढल्यावर त्याला स्वतंत्र रकाना मिळतो. त्या वर्षी ‘इतर’ का घटले, हे तेथेच लिहिलेले हवे. तूर बहुधा आंतरपीक म्हणून असते. मिश्र पिकांचा रकाना गाळून एकच मुख्य पीक विचारले, तर शेतातील तूर कागदावरून उडून जाते आणि गारपिटीनंतर तिची भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही.

काय करावे?

शासन निर्णय निघतात, परिपत्रके निघतात, हे खरे. परंतु ती निरनिराळ्या विभागांची व दिनांकांची असतात. म्हणून शेतीविषयक सर्व नोंदींसाठी राज्यस्तरावर एकच ‘नमुना फेरफार नोंदवही’ ठेवावी आणि ती कोणासही महाजालावर पाहता यावी. तिच्यात प्रत्येक बदलास क्रमांक द्यावा. पूर्वी काय होते, आता काय आहे, बदल का केला, कोणत्या दिनांकापासून केला, जुनी माहिती नव्या नमुन्यात कशी आणली व कोणी प्रमाणित केले, इतके सहा रकाने पुरेत. या नोंदवहीबरोबर पुढील पाच नियम पाळावेत.

१. एकदा दिलेला क्रमांक, कोड अथवा पीकनाम दुसऱ्या वस्तूस कधीही देऊ नये. वापर थांबला तरी ते यादीत राहू द्यावे व त्यापुढे नव्याची खूण करावी.

२. प्रत्येक उताऱ्याच्या तळाशी नमुन्याचा सुधारणा क्रमांक छापावा आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक असावे.

३. जी माहिती पूर्वी विचारलीच नव्हती, तिच्या जागी शून्य घालू नये. ‘नोंद नाही’ असे लिहावे. ‘विहीर नाही’ आणि ‘विहिरीविषयी विचारले नव्हते’ यांत महदंतर आहे.

४. बदल हंगामाच्या मध्यावर लागू करू नये. महसुली वर्ष १ ऑगस्टला व कृषी वर्ष १ जुलैला सुरू होते. त्या त्या वर्षारंभी बदल लागू करावा आणि निदान एक वर्ष जुना-नवा तक्ता शेजारी शेजारी दाखवावा.

५. हक्काच्या फेरफाराप्रमाणेच नमुन्याच्या फेरफाराचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा. रकाने भरणारे शेतकरी व गावपातळीवरील कर्मचारी यांच्या हरकती ऐकून मगच तो प्रमाणित करावा.

यावर कोणी म्हणेल, की आधीच कामाच्या ओझ्याने वाकलेल्या यंत्रणेवर आणखी एक नोंदवही लादली जात आहे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ही नोंदवही गावोगाव ठेवावयाची नाही. राज्यासाठी ती एकच असेल व वर्षाकाठी तिच्यात फार तर काही पाने वाढतील. ती नसल्यामुळे एकेका खातेदाराला तहसील, भूमी अभिलेख व बँक यांच्या दारी ज्या खेपा घालाव्या लागतात, त्यांची बेरीज केली तर ओझे कोणावर आहे, हे सहज ध्यानात येईल. जगातही हाच मार्ग अवलंबिला गेला आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू या कंपन्यांनी २०११ साली महाजालावरील माहितीसाठी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला. त्यातील एखादी जुनी संज्ञा मागे पडली, तर तिच्या पानावर तिची जागा घेणाऱ्या नव्या संज्ञेचा निर्देश केला जातो. जुन्या संज्ञेने लिहिलेली माहिती त्यामुळे निरुपयोगी होत नाही. आपल्या तलाठ्याचा कंस व वर्तुळ यांचेच ते दुसरे रूप होय. तलाठ्याचे पदनामही २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. तेव्हा जुन्या कागदावरील ‘तलाठी’ कोण, हेही पुढच्या पिढीस या नोंदवहीतच सापडावे.

शेतकऱ्यांचे कर्तव्य

शासनाने आपले काम करावे, तसे शेतकरी बंधुभगिनींनीही काही गोष्टी आजपासून कराव्यात. नवा उतारा मिळाला म्हणून जुना फाडून टाकू नये. दोन्ही एका फाइलीत क्रमाने लावावेत. जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर व खातेक्रमांक एका कागदावर लिहून तो फाइलीच्या पहिल्या पानी ठेवावा. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत असेल तर ते स्वतः हेक्टर-आरांत करून नव्या उताऱ्याशी ताडून पाहावे. एका गुंठ्याचा आर किंचित अधिक, म्हणजे १.०१ भरतो. तफावत लेखनदोषाची दिसल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आणि प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी मुदतीत करून आंतरपिकाची नोंद विसरू नये.

सदाशिव पेठेतील एखाद्या घरात आज असे गृहस्थ असतील, की ज्यांच्या कपाटात आजोबांचा मोडी कागद, वडिलांचा एकर-गुंठ्यांचा उतारा आणि स्वतःचा डिजिटल सातबारा एकत्र आहेत. गावाकडे ती जमीन ज्याच्या पूर्वजांनी कसली व जो आज मालक आहे, त्याच्या पेटीतही त्याच जमिनीचे ३२-म चे प्रमाणपत्र असेल. या दोघांच्या कागदांचा मेळ बसावा, कोणाच्याही नातवाला आपल्या हक्काचा आकडा वाचताना अडखळावे लागू नये, यासाठी नमुन्याचा फेरफार नोंदविण्यास विलंब करू नये.